आकडे खरे, तरी इंजिन जळतं: गेममध्ये विमानाचं खरं इंजिन बांधताना पुन्हा पुन्हा येणारा दोष

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्याकडे घडत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- इंजिन झकास सुरू होतं, आवाज भारी येतो, पण धावपट्टी संपली तरी विमान उचलत नाही.
- विमान उडतं, पण चढताना तीन-चार मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. सरळ उडायला लागलं की आपोआप उतरतो.
- पूर्ण थ्रॉटल दिला की ठोकल्यासारखा आवाज येतो आणि काही सेकंदांत पिस्टन गेल्याची सूचना.
- पुस्तकात १,०३० अश्वशक्ती लिहिलेली, गेम ६००-७०० वर अडतो. किंवा उलट, दीडपट ताकद दाखवतो आणि फुटतो.
- नाक झटकन खाली केलं की इंजिन क्षणभर गुदमरतं.
- विमान धावपट्टीवर आलं की जागच्या जागी थरथरतं आणि त्याचे तुकडे होतात.

मी कुपवाड एमआयडीसीत इंजिन रिकंडिशनिंगच्या वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम करते. सहाही दिवस हातात बोअर गेज आणि मायक्रोमीटर असतो. रविवारी सांगलीत घरी माझा भाचा आणि त्याचे मित्र लॅपटॉप घेऊन बसतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), स्ट्रोक (पिस्टनची धाव), सिलिंडरची संख्या, बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) असं सगळं स्वतः भरून इंजिन तयार करायचं, ते विमानात बसवायचं आणि उडवायचं, असा त्यांचा गेम. त्यांनी केलेल्या धावपट्टीला नाव दिलंय कवलापूर. "आत्या, परत जळलं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुठून बघायला सुरुवात करायची हे आता ठरून गेलंय. प्रत्येक गेममध्ये मेनूची नावं वेगळी असतात, म्हणून मी बटणांबद्दल कमी आणि कारणांबद्दल जास्त लिहिते.

इतक्या वेळा बघून एक गोष्ट कळली. पोरांनी भरलेले आकडे बहुतेक वेळा खरे असतात. चुकतं ते आकड्याच्या शेजारचं: तो कुठल्या एककात आहे, कुठल्या उंचीवरचा आहे, कुठल्या इंधनावरचा आहे आणि इंजिनाच्या पुढे-मागे तेव्हा काय जोडलेलं होतं. शेतातल्या पंपाचं इंजिन उचलून ट्रॉलीवर ठेवलं आणि पाण्याची नळी तिकडेच राहिली, तर दोष इंजिनाचा नसतो.

उदाहरणासाठी रोल्स-रॉइसचं मर्लिन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानाचं इंजिन, घेते, कारण दहातले सात जण तेच बांधायला घेतात. सुरू करण्याआधी फाइलची एक प्रत ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून उडवून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं, तर कशामुळे सुधारलं हे कधीच कळत नाही. आमच्या शॉपमध्येही हाच नियम आहे.

पहिली तपासणी: घनफळ. दोन मिनिटं लागतात, काही खोलावं लागत नाही.

गेममध्ये इंजिनाचं एकूण घनफळ लिटरमध्ये दिसतं. मर्लिनचा बोअर ५.४ इंच, म्हणजे १३७.१६ मिलिमीटर. स्ट्रोक ६ इंच, म्हणजे १५२.४ मिलिमीटर. सिलिंडर १२. गुणाकार केला की २७ लिटर येतात. तुमच्या पडद्यावर १.६५ लिटर दिसत असेल, तर ५.४ आणि ६ हे आकडे तुम्ही सेंटिमीटरच्या रकान्यात टाकलेत. १०८ लिटर दिसत असेल, तर गेमने त्रिज्या मागितली होती आणि तुम्ही व्यास दिलात.

अमेरिकन इंजिनांचं काम आणखी सोपं, कारण त्यांच्या नावातच घनइंच असतात. व्ही-१६५० म्हणजे पॅकार्डने बनवलेलं मर्लिन, १,६५० घनइंच. आर-१८२० म्हणजे १,८२० घनइंचांचं रेडियल, ज्यात सिलिंडर दांड्याभोवती गोलाकार लावलेले असतात. १६.३९ ने गुणलं की घनसेंटिमीटर मिळतात: पहिल्याचे २७ लिटर, दुसऱ्याचे जवळजवळ ३०. नावाशी घनफळ जुळत नसेल तर पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नाही. म्हणून ही सगळ्यात आधी.

दुसरी: फेरे आणि गिअर.

मर्लिन पूर्ण ताकदीला मिनिटाला ३,००० फेरे फिरतं. काही गेम फेरे सेकंदाला मोजतात, तिथे तो आकडा ५० होतो. पण प्रोपेलर ३,००० ने फिरत नाही. मध्ये फेरे कमी करणारा रिडक्शन गिअर असतो आणि मर्लिन तीन या सुरुवातीच्या मॉडेलसाठी त्याचं प्रमाण ०.४७७. म्हणजे प्रोपेलर साधारण १,४३० ला फिरतो.

इथे दोन चुका होतात. एक, गिअर बसवलेलाच नसतो. दोन, गिअर उलटा बसवलेला असतो. काही गेम "इंजिनाचे किती फेरे, प्रोपेलरचा एक" असं विचारतात, तिथे २.१ हवं. ०.४७७ टाकलं तर प्रोपेलर ६,००० च्या वर जातो. प्रोपेलरच्या फेऱ्यांचा आकडा पडद्यावर लावून ठेवा आणि एकदा नजर टाका. १,४३० च्या आसपास असेल तर पुढे चला.

हे एवढं महत्त्वाचं का, ते गणितानेच दिसतं. सुमारे ३.३ मीटर व्यासाचा प्रोपेलर थेट ३,००० ने फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला ५१८ मीटरने जातं. आवाजाचा वेग सुमारे ३४०. टोक आवाजाच्या पुढे गेलं की पातं हवा ढकलण्याऐवजी धक्कालहरी तयार करण्यात ताकद घालवतं. गिअर लावला की तेच टोक २४७ ला येतं. "आवाज भारी पण उचलत नाही" हे लक्षण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त इथेच सुटलंय.

तिसरी: बूस्ट. इथे सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथे जळतात.

बूस्ट म्हणजे सुपरचार्जर, हवा दाबून इंजिनात पाठवणारा पंप, देतो तो दाब. ब्रिटिशांनी तो वातावरणाच्या वर किती, असा दर चौरस इंचाला पौंडांत लिहिला. अमेरिकनांनी एकूण दाब पाऱ्याच्या इंचांत लिहिला. जर्मनांनी एकूण दाब "अटा" या एककात लिहिला. तीन देश, तीन पद्धती, आणि गेमच्या रकान्यात फक्त "बूस्ट, बार" एवढंच.

ब्रिटिश +१२ पौंड म्हणजे वातावरणाच्या वर ०.८३ बार. एकूण दाब १.८४ बार. अमेरिकन मोजणीत तोच दाब ५४ इंचांच्या थोडा वर. आता बघा काय होतं. गेमला एकूण दाब हवा होता आणि तुम्ही ०.८३ दिलात, तर इंजिनाला बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब मिळतो आणि ताकद कुठल्या कुठे पडते. हे झालं ६००-७०० अश्वशक्तीवर अडण्याचं लक्षण. उलट गेमला वातावरणाच्या वरचा दाब हवा होता आणि तुम्ही १.८४ दिलात, तर एकूण दाब २.८५ बार होतो. ठोकण्याचा आवाज, पिस्टन खलास.

ओळखायची सोपी खूण: बूस्टच्या रकान्यात शून्य टाका आणि इंजिन चालवा. बरं चाललं तर रकाना वातावरणाच्या वरचा दाब मागतोय. अजिबात पेटलं नाही तर एकूण दाब मागतोय.

चौथी: इंधन आणि कॉम्प्रेशन.

बूस्ट बरोबर आहे आणि तरी ठोकतंय, तर इंधन बघा. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितका जास्त दाब इंधन न ठोकता सहन करतं. मर्लिन तीनला ८७ ऑक्टेनवर +६.२५ पौंडांचीच मुभा होती, तेव्हा ताकद १,०३० अश्वशक्ती. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं इंधन वापरात आल्यावर त्याच इंजिनाला +१२ पौंड देता आले आणि ९,००० फुटांवर १,३१० अश्वशक्ती मिळू लागली. धातू तोच, बोअर तोच, फरक टाकीतल्या इंधनाचा. पोरं १,३१० चा आकडा आणि +१२ चा बूस्ट घेतात, पण गेममधलं इंधन साधं ठेवतात.

कॉम्प्रेशन रेशोही बघा, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते. मर्लिनचा ६ ला १ आहे. आजच्या मोटारसायकलींचे ९-१० असतात म्हणून बरेच जण सवयीने तेवढाच भरतात. सुपरचार्जर हवा आधीच दाबून आत पाठवतो, त्यावर १० चं कॉम्प्रेशन म्हणजे दुहेरी दाब.

आमच्या टेबलावर एक पिस्टन ठेवलाय. एका मुलाने पेट्रोलच्या गाडीचं हेड घासून कॉम्प्रेशन चढवलं होतं. त्या पिस्टनच्या माथ्याची कड पॉलिश पेपरसारखी खरखरीत झालीये, बारीक बारीक खड्डे पडलेत, आणि वरच्या दोन रिंगांमधली भिंत एका बाजूने तुटून आलीये. बोट फिरवलं की कळतं. ज्वाला शांतपणे पसरण्याऐवजी उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि धातूवर हातोड्यासारखं आदळतं, त्याच्या या खुणा. गेम तुम्हाला फक्त लाल अक्षरं दाखवतो. भाच्याला मी हा पिस्टन हातात दिला, तेव्हापासून तो कॉम्प्रेशनचा रकाना आधी बघतो.

पाचवी: आकडा कुठल्या उंचीवरचा?

मर्लिन तीनची १,०३० अश्वशक्ती १६,२५० फुटांवरची आहे, म्हणजे जवळजवळ ४,९५० मीटर. सुपरचार्जर त्या उंचीसाठी जुळवलेला होता. खाली जड हवेत तोच सुपरचार्जर गरजेपेक्षा जास्त दाब देऊ शकतो, म्हणून तिथे थ्रॉटल अर्धवट मिटून बूस्ट मर्यादेत ठेवावा लागतो, आणि सुपरचार्जर फिरवण्यात जाणारी ताकद तर जातेच. जमिनीवर १,०३० दिसत नाहीत म्हणून बूस्ट वाढवत नेलात तर चांगलं इंजिन हातानं मारता.

सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाचं उलट असतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ, आणि तेवढीच ताकद कमी. वाईहून गाडीने वर गेलेल्याला पिकअप कमी झालेला जाणवतो, तो हाच. विमान ३,००० मीटरवर नेऊन "ताकद गेली" म्हणत असाल, तर तुमच्या इंजिनात दोष नाही.

सहावी: थंडावा.

पसरणी घाटात मालाने भरलेला टेम्पो बॉनेट उघडून कडेला उभा असतो आणि रेडिएटरमधून वाफ निघत असते, हे दृश्य साताऱ्याकडच्या प्रत्येकाने पाहिलंय. तोच टेम्पो हायवेवर तासन्‌तास तापत नाही. घाटात इंजिन पूर्ण जोर लावतं आणि वेग असतो वीस, मग रेडिएटरमधून हवा जायची कुठून? चढणारं विमान म्हणजे घाटातला टेम्पो. चढताना तापतं आणि सरळ उडताना निवतं, हे लक्षण याच एका वाक्यात बसतं.

पैसे आणि मेहनत कमी लागणाऱ्या क्रमाने करा. रेडिएटरच्या मागच्या झडपा चढताना पूर्ण उघड्या आहेत का बघा. कित्येकांनी त्या कळीला जोडलेल्याच नसतात. मग चढायचा कोन कमी करून वेग वाढवून बघा. एवढ्यावर काटा उतरला तर रेडिएटर पुरेसा आहे, उडवायची पद्धत चुकत होती. तरीही तापत असेल तेव्हाच रेडिएटर मोठा करा. धावपट्टीवर उभं राहून तापत असेल तर लगेच उडा. खरं स्पिटफायरही जमिनीवर फार वेळ उभं ठेवता येत नसे, पंखाखालच्या रेडिएटरला तिथे हवा मिळायचीच नाही.

कूलंट कुठला निवडलाय तेही पाहा. पाच किलोमीटर उंचीवर बंदिस्त नसलेलं पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं. म्हणून सुरुवातीच्या मर्लिनमध्ये शुद्ध ग्लायकॉल होतं, आणि पुढे ७० भाग पाणी, ३० भाग ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली ठेवलं गेलं. गेममध्ये दाबाची झाकणी वेगळा भाग म्हणून असेल तर ती विसरू नका.

हवेने थंड होणाऱ्या रेडियलमध्ये मागची रांग आधी तापते. पुढच्या सिलिंडरांना लागून आलेली हवा मागे पोचेपर्यंत गरम झालेली असते. बी-२९ विमानाच्या आर-३३५० इंजिनांना खऱ्या आयुष्यात याच मागच्या सिलिंडरांनी छळलं आणि आगीही लागल्या. सिलिंडरांमध्ये हवा वळवणारे पत्रे बसवा. ते नसतील तर हवा सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांमधून न जाता सरळ निघून जाते.

सातवी: इंधनाचा प्रवाह.

नाक खाली केल्यावर गुदमरतं ते इथे. टाकीतलं इंधन वर उसळतं आणि नळीच्या तोंडाशी काही उरत नाही, किंवा तुम्ही फ्लोटवाला, म्हणजे तरंगत्या गोळ्याने इंधनाची पातळी धरणारा, कार्बोरेटर निवडलाय. स्पिटफायरच्या वैमानिकांना हाच त्रास होता, तर समोरच्या जर्मन विमानांतल्या डीबी ६०१ इंजिनाला थेट इंजेक्शन असल्याने नव्हता. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या बियाट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत मधोमध मोजकं भोक असलेला छोटासा पितळी तुकडा बसवायला लावला. त्याने कार्बोरेटर तुडुंब भरून इंजिन बंद पडायचं थांबलं. मला हा इतिहास मनापासून आवडतो, कारण एवढ्याशा टर्निंगच्या कामाने लढाईतली अडचण हलकी झाली. गेममध्ये प्रवाहाला मर्यादा घालायची सोय असेल तर आधी ती वापरा. इंजेक्शन बसवणं नंतर.

आठवी: रचना. इथून पुढे खोलावं लागतं.

चार स्ट्रोकच्या रेडियलच्या एका रांगेत सिलिंडर विषमच हवेत. नऊ सिलिंडरचं इंजिन १-३-५-७-९-२-४-६-८ या क्रमाने पेटतं, एक सोडून एक, आणि दर दोन स्फोटांमध्ये दांड्याचे बरोबर ८० अंश येतात. आठ सिलिंडर ठेवले तर हा क्रम जुळतच नाही आणि इंजिन हादरतं. जास्त सिलिंडर हवे असतील तर रांगा वाढवा: आर-२८०० मध्ये नऊच्या दोन, बीएमडब्ल्यू ८०१ मध्ये सातच्या दोन.

नववी: कसोटीचं इंजिन.

इथपर्यंत काहीच सापडलं नाही तर मर्लिन बाजूला ठेवा आणि एका हलक्या विमानात लायकमिंग ओ-३२० हे साधं इंजिन बांधा. चार सिलिंडर, बोअर १३०.२, स्ट्रोक ९८.४ मिलिमीटर, ५.२४ लिटर, २,७०० फेऱ्यांना १५०-१६० अश्वशक्ती. बूस्ट नाही, गिअर नाही, रेडिएटर नाही. बऱ्याच जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानांमध्ये हेच आहे. हलक्या विमानात हे नीट चाललं, तर गेम ठीक आहे आणि दोष तुमच्या मर्लिनच्या जोडणीत. हेही बिघडलं, तर तुमचं इंजिन निर्दोष आहे आणि पुढचं वाचा.

दहावी: गेमचा हिशेब आणि तुमचा कॉम्प्युटर.

गेम हालचालींचा हिशेब सेकंदाला ठरावीक वेळा करतो. तो ६० वेळा धरला, तर सेकंदाला ५० फेरे फिरणारा दांडा दोन हिशेबांमध्ये ३०० अंश फिरून गेलेला असतो. असे जोड मग थरथरतात आणि फुटतात. वेगाने फिरणाऱ्या जोडांची संख्या कमी करा, गिअर इंजिनाच्या अगदी जवळ बसवा. हिशेबाचा वेग वाढवायची सोय असेल तर वाढवा, पण त्याने कॉम्प्युटरवर ताण येतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी लॅपटॉप स्वतःच तापून मंदावतो, आणि सकाळी नीट उडालेलं विमान तीन वाजता तुटतं. तेच विमान रात्री उडवून बघा. नीट उडालं तर इंजिनाला हात लावू नका.

थांबायचं कुठे

गेम ठरावीक भाग जोडला की प्रत्येक वेळी बंदच पडत असेल, तर तो गेम बनवणाऱ्यांचा दोष. साठवलेली फाइल स्वतः उघडून बदलू नका. फाइल आणि गेमने लिहिलेली नोंद त्यांना जशीच्या तशी पाठवा.

खेळताना आख्खा कॉम्प्युटरच बंद होत असेल तर पंख्यातली धूळ काढण्यापर्यंत तुमचं काम. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, बंद केल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असते. लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं किंवा टचपॅड वर आलेलं वाटलं तर ती बॅटरी आहे. चार्जर काढा, चालू करू नका, दाबू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग गेलंय, जुन्या वाड्यांत हे सर्रास आढळतं. त्याला परवानाधारक इलेक्ट्रिशियनच हवा, आणि तोवर प्लग काढलेला.

आणखी एक. गेममध्ये जमलं म्हणून गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. मोटारसायकलच्या इंजिनाला लाकडी प्रोपेलर लावून मळ्यात फिरवून बघायचा होता, माझ्याकडून त्याला फक्त जोडणीचा बुश लेथवर करून हवा होता. मी दिला नाही. फिरणारं पातं दिसत नाही, आणि त्याचा तुकडा उडाला तर तो कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. त्याला मी बसवून चहा पाजला आणि सांगितलं की खऱ्या प्रोपेलरजवळ जायचं असेल तर डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना असलेल्या विमान देखभाल इंजिनिअरच्या हाताखाली जा, त्याचं रीतसर शिक्षण असतं. तो मुलगा आता बारावीला आहे आणि त्या प्रवेशाची माहिती काढतोय. बुशचं ड्रॉइंग त्याने परत नेलं नाही, ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.